बोललं न्हाई म्हंजे खुशाल

नाव: श्री. संगमेश्वर मल्लिनाथ शेटे. राहणार: चौसाळा, तालुका व जिल्हा बीड. वय: तिशी उलटलेली. शिक्षण: इलेक्ट्रॉनिक्स पदविका, दुसऱ्या प्रयत्नात. धर्म व जात: गळ्यातील लिंगावरून स्पष्ट. व्यवसाय: एस.टी.डी., झेरॉक्स, संगणक दुरुस्ती. ओळखीची खूण: खिशाला पेनाऐवजी टेस्टर. समाजोपयोगी कार्य: ऊसतोडीस गेलेल्या मजुरांचे निरोप संगणकाद्वारे ध्वनिमुद्रित करून त्यांच्या घरच्यांस विनामूल्य ऐकविणे. सेवेचे स्वरूप: अखंड. तक्रारी: निरंक.

हा मजकूर उपक्रमशील तरुणांच्या पुरस्कारासाठी पंचायत समितीकडे गेलेल्या प्रस्तावातला आहे. भाषा ग्रामसेवकाची, माहिती संगमेश्वरची. त्यात एकही अक्षर खोटं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

चौसाळा हायवेवर आहे. देशाची दारं उघडली तेव्हा आत आलेला बराचसा माल याच रस्त्यानं पुढे निघून गेला. गावात उतरल्या त्या शाम्पूच्या पुड्या, थंड पेयांचे फलक आणि पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ. त्यांच्या मागोमाग, औरंगाबादेत एका इंग्रजी मासिकाला चिकटवलेली, लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीची सीडी संगमेश्वरच्या पिशवीतून आली. सीडी फुकट होती. तिच्यातलं सगळं फुकट होतं, आणि जगात कुणीतरी बसून ते रोज नव्यानं लिहीत होतं. संगमेश्वरचे वडील मल्लिनाथअप्पा यांना हे पटेना.

"फुकट कामून देतेत रे?" अप्पांनी विचारलं.

"त्यांची हौस हाय, अप्पा."

"हौस असली म्हंजे माल नीट बघून घ्यावा," अप्पा म्हणाले, आणि गुळाच्या ढेपेला सुरी लावून पहिला खडा स्वतःच्या तोंडात टाकला. चाळीस वर्षांच्या किराणा धंद्यात त्यांनी एकच नेम पाळला होता. गिऱ्हाइकाच्या तोंडात जायच्या आधी माल आपल्या तोंडात गेला पाहिजे. कपिलधारच्या यात्रेला ते पायी जात आणि तिथं प्रसादाचा गूळही आधी चाखून बघत. देवानं त्यांना कधी अडवलं नाही.

संगमेश्वरनं किराण्याच्या बाजूचा गाळा घेऊन बूथ टाकला होता. दिवाळी झाली की भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं कोयते घेऊन ट्रकात बसत आणि कारखान्यांच्या मुलखात जात. मागं म्हातारी माणसं उरत. तिकडून फोन यायचा तो बूथवर. निरोप ऐकायचं माणूस वाडीवर असायचं, त्याला बोलवायला जाईपर्यंत तिकडचा माणूस फोन ठेवून उसाच्या फडात परत गेलेला असायचा. संगमेश्वरनं आवाज टिपणारा मोडेम आणला, जुन्या संगणकावर लिनक्स घातलं, दुसरी फोनलाइन घेतली आणि घराघराला एकेक खाना दिला. तिकडून फोन लावायचा, आपल्या खान्याचा आकडा दाबायचा, शिटी वाजली की बोलायचं. बाजाराच्या दिवशी घरच्यांनी दुकानात येऊन स्पीकरवर ऐकायचं. निरोप संपला की फोन करणाऱ्याला संगमेश्वरचा, रेडिओवरच्यासारखा ठेवलेला आवाज ऐकू येई: "धन्यवाद. आपला निरोप पोचला."

लोकांनी सेवा उचलली, पण आपल्या पद्धतीनं. माणूस समोर नसताना बोलायचं कसं, हे बहुतेकांना कळेना. शिटी वाजली की घशाशी आलेले शब्द परत जायचे. शिवाय बोलावं तेवढा तिकडच्या बूथचा मीटर पळायचा. पहिल्याच हंगामात कुणी न ठरवता एक रीत पडली. सगळं ठीक असेल तर आकडा दाबायचा, शिटी ऐकायची आणि न बोलता फोन ठेवायचा. इकडं खान्यात निरोप दिसला आणि त्यात शब्द नसला, म्हणजे समजायचं. म्हातारी माणसं हसत म्हणायची, "बोललं न्हाई म्हंजे खुशाल." काही बिनसलं असेल तरच बोलायचं.

अपवाद होता टोळीचा मुकादम उत्तरेश्वर. त्याला खुशाली सांगायलाही तोंडभर बोलावं लागे. कारखान्याच्या काटेवाल्याची आई-बहीण, ट्रॅक्टरवाल्याचं खानदान, शेवटी बायकोला "म्हशीला पेंड घाल, तू खाऊ नको." त्याचे निरोप ऐकायला ज्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता तेही थांबत. त्याची बायको भिवराबाई पदर तोंडाला लावून उभी राही आणि स्पीकरला उलटं उत्तर देई.

खाना नंबर सात वत्सलाबाईंचा. त्यांचा मुलगा गहिनीनाथ आणि सून दीपमाला उत्तरेश्वरच्याच टोळीत होती. दीपमालेला दिवस गेलेले. तशा अवस्थेत ती तोडीला कशी गेली, असं विचारणारे लोक तोडीला कधी गेलेले नसतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला टोळीत कोण घेतं? वत्सलाबाई स्वतः सुईण. आजूबाजूच्या तीन वाड्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर झालेली. दीपमालेचं पहिलं बाळंतपण बाहेर झालं होतं, कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत. त्यांना पोचायला उशीर झाला आणि लेकरू गेलं. सून वाचली ती देवाच्या कृपेनं, म्हणून लिंबागणेशच्या गणपतीचा त्यांनी नवस फेडला होता. या खेपेला ठरलेलं होतं. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत असते, त्यामुळं आधी पत्ता सांगता येत नाही. दीपमालेचं पोट खाली उतरलं की गहिनीनाथनं फोन करायचा, गावाचं नाव बोलायचं, आणि वत्सलाबाईंनी पहिली गाडी पकडायची. गाठोडं त्यांनी पौषातच बांधून ठेवलं होतं. त्यात नवं ब्लेड, धागा, हळद, जुन्या लुगड्याचं धुवून मऊ केलेलं दुपटं.

"बोलायचं बरं का त्यानं," त्या संगमेश्वरला बजावत. "या बाबतीत गप बसायचं न्हाई. मशीनला सांगून ठेव."

"मशीनला काय सांगायचं, मावशी? ते ऐकतंच हाय की."

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी संगमेश्वरला कच्च्या मालाचा नाद लागला.

लिनक्सची पॅकेजं, म्हणजे एकेका कामाच्या प्रोग्रॅमचे गठ्ठे, दोन जातींची. एक पक्की, महिनोन्‌महिने तपासून सोडलेली, त्यामुळं जुनी. दुसरी कच्ची, कालच लिहून टाकलेली, प्रकाशनाच्या आधीची, ज्याला हौस आहे त्यानं बसवावी आणि काय बिघडतं ते कळवावं. पक्क्या पॅकेजात आवाज खरखरायचा. माणसाच्या निरोपात मोटारी, भोंगे, दुसऱ्या माणसांची भांडणं मिसळायची. कच्च्या आवृत्तीच्या माहितीत लिहिलेलं होतं की खरखर काढली आहे. बीडच्या इंटरनेटला फोन लावून, दुपारी बाजार सुस्त असताना, संगमेश्वर ते उतरवत बसला.

त्यासोबत सूचनाही आली होती. ज्या मशीनवर कुणाचं काही अवलंबून आहे, तिथं हे बसवू नये. संगमेश्वरचं इंग्रजी बरं होतं, त्यानं ती नीट वाचली. त्याच्या डोळ्यापुढं बँका आल्या, दवाखाने आले, विमानं आली. मग त्यानं दुकानात नजर फिरवली. झेरॉक्सचं मशीन, कुणीतरी राखायला ठेवून गेलेली शेळी, आणि कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकणारा मोडेम. तो पुढं गेला.

कच्चं पॅकेज एकटं येत नाही. त्याला त्याच्याच वयाची दुसरी पॅकेजं लागतात, त्यांना आणखी तिसरी. लग्नात नवरदेवाला बोलवावं आणि सगळी भावकी जेवायला बसावी, तसं झालं. शेवटी संगणकानं कळवलं की यांच्यासाठी काही जुनी, महत्त्वाची पॅकेजं काढून टाकावी लागतील. खात्री असेल तर अमुक एक वाक्य जसंच्या तसं टाइप करावं. वाक्याचा अर्थ होता, 'हो, मी सांगतो तसं कर.' नुसतं हो म्हणून भागत नव्हतं. संगमेश्वरनं शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यावं तसं, विरामचिन्हांसकट, ते टाइप केलं. संगणकानं सांगितलं तसं केलं.

आता अप्पांचा नेम. आधी आपण चाखायचं. तो बूथवरच्या फोनपाशी गेला, निरोपाच्या लाइनला फोन लावला, खान्याचा आकडा दाबला, शिटी ऐकली आणि न बोलता फोन ठेवला. माणसं ठेवतात तसाच. परत येऊन बघितलं तर खान्यात निरोप पडलेला. लावला. स्पीकरमधून शांतता आली. स्वच्छ, धुतलेली, कसलीही खरखर नसलेली शांतता.

"बघा अप्पा," तो म्हणाला. "कसा क्लिअर हाय."

अप्पांनी कान दिला. "काईच येत न्हाई की."

"तेच तर."

पुढच्या बाजाराला निरोप आलेले सगळे खाने खुशाल होते; उत्तरेश्वरचा तेवढा त्या आठवड्यात फोनच नव्हता. अख्ख्या दुकानात शांतता एकामागून एक वाजत राहिली आणि माणसं माना डोलवत पिशव्या उचलून गेली. वत्सलाबाई मात्र स्पीकरपाशी जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

"पुन्यांदा लाव."

त्यानं पुन्हा लावला.

"पहिलं त्याचा दम ऐकू यायचा," त्या म्हणाल्या. "न्हाई बोलला तरी नाकातून वाजायचं. लहानपणापासनं तसं हाय त्याला."

"मावशी, ती खरखर होती. नव्या पॅकेजात काढलीय."

"बरं झालं बाई," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी खंत होती, एवढी सुधारणा नसती झाली तरी चाललं असतं अशी.

संगमेश्वरच्या एक गोष्ट लक्षात आली होती. नव्या निरोपांच्या सगळ्या फाइली एकाच आकाराच्या होत्या. कुणी फोन कितीही वेळ धरलेला असो, आकार तोच. त्याला हे शिस्तीचं लक्षण वाटलं. पक्क्या पॅकेजात प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच असायचं.

संक्रांत झाली. गाव एकमेकांना गोड बोला म्हणून सांगत फिरलं. त्यानंतरच्या आठवड्यात सात नंबरच्या खान्यात एकाच दिवशी तीन निरोप आले. सकाळी एक, उन्हं चढल्यावर एक, आणि थोड्या वेळानं आणखी एक. असं कधी होत नसे. संगमेश्वरनं वाडीकडं जाणाऱ्या टमटमवाल्याच्या हाती सांगावा धाडला आणि वत्सलाबाई गाठोडं घेऊनच आल्या. येताना वाटेतच त्यांनी चप्पल हातात घेतली होती, झपझप चालता यावं म्हणून.

पहिला निरोप लावला. शांतता. दुसरा. शांतता. तिसरा. तिसऱ्याच्या वेळी दुकानात उभे असलेले लोक हसले.

"मावशे, गहिन्याला करमंना दिसतंय तुज्यावाचून!"

"तीन डाव खुशाल!" वत्सलाबाईही हसल्या. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, पदरानं मान पुसली. "आज लईच खुशाल हाय बाबा." मग गाठोड्याच्या गाठीतून तिळगुळाची पुडी काढून त्यांनी सगळ्यांच्या हातावर दोन-दोन दाणे ठेवले, संगमेश्वरच्याही. आणि गाठोडं परत घेऊन वाडीला गेल्या.

संगमेश्वरनं तिळगूळ तोंडात टाकला. तो बराच वेळ विरघळेना. खुशाल माणूस तीनदा कशाला सांगेल? हा प्रश्न त्याला पडला. पण त्याचं उत्तरही त्याच्याकडं होतं. लाइन कटली असेल, पुन्हा लावला असेल. कारखान्याकडच्या लाइनी तशाच. फोन खात्याला दोष देऊन त्या काळी बहुतेक प्रश्न सुटत.

भिवराबाई दोन दिवसांनी आली, बाजार नसताना. तिच्या खान्यातही निरोप होता. संगमेश्वरनं लावला, शांतता वाजली, आणि त्यानं सवयीनं म्हटलं, "खुशाल हाय, वहिनी."

भिवराबाई हलली नाही.

"कोन?"

"उत्तरेश्वरभाऊ. निरोप हाय की त्यांचा."

"आमचा मानूस गप बसला?"

"हां."

"सबंध फोन?"

"सबंध."

"भाऊ," भिवराबाई म्हणाली, "माज्या लग्नात अंतरपाट धरला व्हता तवा हा मानूस भटजीला इचारत व्हता, का हळूहळू म्हनायलाव, जेवान थंड व्हतंय. त्याची माय वारली तवा तिरडीच्या दोरीवरनं भांडला. ह्यो मानूस गप बसत न्हाई. मेला असंल तर फोन कुनी केला? आन जित्ता असंल तर बोलला का न्हाई?"

दुकानात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. बाहेर हायवेवर एक ट्रक गेला आणि त्याचा हादरा झेरॉक्सच्या काचेला लागला. संगमेश्वर उठला, बूथच्या फोनपाशी गेला, निरोपाच्या लाइनला फोन लावला, आकडा दाबला. शिटी वाजली. या वेळी तो बोलला.

"हॅलो. हॅलो. मी संगमेश्वर. चौसाळ्यातून. हॅलो."

पलीकडून त्याचाच आवाज आला. "धन्यवाद. आपला निरोप पोचला."

खुर्चीवर बसून त्यानं तो निरोप लावला. स्पीकरमधून शांतता आली. फाइलचा आकार बघितला. तोच.

भिवराबाईनं स्पीकरकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "तुमी आत्ता बोललात की."

"हां."

"मग गेलं कुटं?"

संगमेश्वरला हे सांगता आलं असतं. कच्चं पॅकेज फोन उचलत होतं, शिटी वाजवत होतं, आभार मानत होतं, खान्यात निरोपाची नोंद करत होतं. फक्त आवाज लिहीत नव्हतं. एवढं एक सोडून सगळं व्यवस्थित चालू होतं. त्यानं ते सांगितलं नाही. संक्रांतीच्या आधीपासूनच्या सगळ्या खुशाल्या त्याच्या डोक्यात एकेक करून परत येत होत्या, आणि सात नंबरच्या तीन होत्या.

त्यानं कारखान्याच्या शेतकी खात्याला फोन लावला. उत्तरेश्वर मुकादमाची टोळी कुठल्या फडावर आहे? तिकडच्या माणसानं सौजन्यानं सांगितलं की टोळ्या लई आहेत, आणि त्या हलत असतात. कुठल्या गावाला आहे ते मुकादमच फोन करून घरी कळवतो ना? मग घरीच विचारा.

वाडीवर तो एम-एटी मोपेड घेऊन गेला. वत्सलाबाई अंगणात दुपट्याला काठ शिवत होत्या.

"मावशी, गाठोडं घ्या."

"आला का फोन? बोलला का?"

"तवाच बोलला होता, मावशी. मशीननं घेतलं न्हाई."

वत्सलाबाईंनी सुई दुपट्यातच टोचली. त्यांनी तवा म्हणजे कधी असं विचारलं नाही. तिळगुळाची पुडी अजून ओट्यावर होती, तिच्याकडं त्यांची नजर गेली आणि परत आली. "कुटं हायेत?"

"सोलापूरकडं जाऊ. कारखान्यावर जाऊन इचारू. सापडंल."

चौसाळ्याच्या स्टँडवर ते दोघं सोलापूरला जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे राहिले. वत्सलाबाईंनी गाठोडं जमिनीवर ठेवलं नाही. संगमेश्वर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होता, आणि अप्पा किराण्याच्या दारातून त्याच्याकडं बघत होते. अप्पांना कुणी काही सांगितलं नव्हतं. भिवराबाई मात्र त्यांच्या पायरीवर बसून होती.

सोलापूरकडून येणारी गाडी आधी आली, पलीकडच्या बाजूला. धूळ बसली. पुढच्या दारातून दोन माणसं उतरली, मग एक बाई टोपली घेऊन, मग गहिनीनाथ. त्याच्या छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते रडत होतं. वत्सलाबाईंची नजर त्याच्या मागं, दाराकडं होती. दारात कुणी नव्हतं. कंडक्टरनं दोन टोले दिले आणि गाडी बीडकडं निघून गेली.

गहिनीनाथ रस्ता ओलांडून आला. आईला बघून त्याला नवल वाटलं नाही. वाटण्यापलीकडं तो गेला होता.

"बोललो की गं आई," तो म्हणाला. "सकाळीच बोललो. गाव सांगितलं. रगत थांबंना झालं तवा पुन्यांदा बोललो. वाट बघत बसलो तुजी, म्हनलं तू निगाली असशील, म्हनून दवाखान्यात बी उशिरा नेलं. तितं पोचायच्या आत दीपमाला गेली. उत्तरेश्वरमामा बी बोलले. मशीन म्हनलं, निरोप पोचला. परत्येक डावाला म्हनलं."

वत्सलाबाईंनी गाठोडं सोडलं, दुपटं काढलं. सुई त्यात तशीच होती. ती त्यांनी आधी काढून पदराला टोचली आणि मग लेकरू घोंगडीतून काढून दुपट्यात घेतलं. मुलगी होती. तिला हातात घेताच त्यांनी तिचं डोकं, बेंबी, तळवे बघितले, सुईण बघते तसे, आणि ते ठीक आहेत असं स्वतःशीच पुटपुटल्या.

संगमेश्वर तिथंच उभा होता. गहिनीनाथनं त्याला ओळखलं नाही. ते दोघं कधी समोरासमोर भेटलेले नव्हते. भेट झालेली होती ती फक्त फोनवर, आवाजाची. संगमेश्वर बोलला असता, तर 'निरोप पोचला' म्हणणारा आवाज त्यानं ओळखला असता. सात नंबरच्या खान्याचे मालक वाडीच्या टमटममध्ये बसेपर्यंत त्यानं तोंडातून एक शब्द काढला नाही.

त्याच दिवशी त्यानं सीडीवरची पक्की पॅकेजं परत बसवली. खरखर परत आली. पुढच्या बाजाराला स्पीकरमधून मोटारी वाजल्या, भोंगे वाजले, माणसांचे श्वास वाजले, आणि लोकांनी कान देऊन ऐकलं. आता सगळेच बोलत होते. खुशाल असले तरी बोलत होते. उत्तरेश्वरचा निरोप मात्र त्या हंगामात पुन्हा आला नाही.

वर्षभरानं ग्रामसेवक पुरस्काराचा प्रस्ताव घेऊन दुकानात आले. समाजोपयोगी कार्य त्यांनीच सुचवलं, 'अखंड' हा शब्दही त्यांचाच. हिशेबानं तो बरोबर होता. सेवा एक दिवसही बंद पडलेली नव्हती. शेवटच्या रकान्यापाशी त्यांनी पेन थांबवलं.

"तक्रारी? कुनाची आली का काई? लेखी?"

"लेखी?"

"लेखीच. तोंडी धरत न्हाईत."

"लेखी न्हाई," संगमेश्वर म्हणाला.

ग्रामसेवकांनी निरंक लिहिलं.

वत्सलाबाईंना लिहिता येत नाही.